अरविंद उठून का गेला

३ फेब्रु., मंगळ.
बिबवेवाडीच्या व्याख्यानाची सुरुवात ठरली : "मित्रहो, तुमची-माझी तक्रार एकच. आपल्याला कुणी समजून घेत नाही. आणि आता ते काम आपण यंत्राकडे सोपवायला निघालो आहोत." पुढे थेट हल्ला. माणसाचं मन माणसालाच कळतं. अरविंदला फोनवर ऐकवलं. नुसतं "बरं" म्हणाला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत प्रथमच एकही चूक काढली नाही.

७ फेब्रु., शनि.
सभागृह भरलेलं. अरविंद पहिल्या रांगेत. भाषण रंगात आलं आणि हा सगळ्यांदेखत उठून चालता झाला. नंतर फोनही नाही. संयोजक म्हणाले, "तुमच्या मित्रांना पटलेलं दिसत नाही." वर हसले.

८ फेब्रु., रवि.
नीता हिंजवडीहून आली. "बाबा, एवढं लागलंय तर याला विचारू." याला म्हणजे फोनमधल्या यंत्राला. तिनेच टाइप केलं. उत्तर : बरं नसेल, ऐकू येत नसेल, गोंधळले असतील, मत पटलं नसेल. त्यांनाच विचारा.
म्हटलं, याने अरविंदचा चेहरा पाहिलाय? मी पाहिला. स्वच्छ तिरस्कार होता.
"भाषणात तुम्ही चष्मा काढून ठेवता, बाबा."
फोन करणार नाही. त्याने करावा.

१५ फेब्रु., रवि.
अरविंदच्या सुनेचा फोन, खराडीहून. "काका, त्या दिवशी आपण कुठे आलोय हेच बाबांना कळेना. घाबरले, शरमले, म्हणून उठले. विसरणं बरेच दिवस चाललंय. तुम्हाला तर मुळीच सांगू नका म्हणाले."
मलाच मुळीच सांगायचं नाही. का, ते विचारवेना.

१६ फेब्रु., सोम.
यंत्राने सांगितलेल्या चार शक्यतांत हे होतं. त्याला अरविंदचं सोयरसुतक नाही, म्हणून चारही दिसल्या. मला एकच दिसली, माझ्या अपमानाची. यंत्र तळमळलं नाही, मी आठवडाभर तळमळलो. हा फरक व्यासपीठावर माणसाच्या बाजूने ठणकावून मांडला असता. पण त्या तळमळीचा अरविंदला काय उपयोग झाला?

१८ फेब्रु., बुध.
खराडीला गेलो. बाल्कनीत बसला होता. मला बघून म्हणाला, "या. बसावं आपण." मला, आपण! ओळखलं नाही? की रागावलाय? की अजून लपवतोय? सून आत हळूच म्हणाली, "सकाळीच तुमचं नाव घेत होते, काका." तासभर त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. काही म्हणजे काही वाचता येईना. विचारायचं म्हणून तोंड उघडलं आणि थंडीबद्दल बोललो, मी.
उद्या पुन्हा जाणार. अरविंद, एकदा, एकदाच, मला अरे म्हण.