झाडातल्या आजीचे ओले पाय

लाम्पांग, बुधवार, दुपारी साडेतीन

परमादरणीय सनानमामांच्या चरणी भाचा कोवितचा मस्तक ठेवून नमस्कार.

आपला गुडघा, मामींचा दमा आणि अंगणातली आंब्याची कलमे यांची खुशाली कृपया याच क्रमाने कळवावी (मागील पत्रात आपण कलमांवर दीड पान खर्चून गुडघा समासात ढकलला होता). माझी प्रकृती उत्तम आहे. किंबहुना आज ‘उत्तम’ हा शब्द मला तोकडा वाटतो. मामा, मी काल गळती पकडली!

आमच्या टेकडीवरच्या गल्लीतील चाळीस घरे नऊ दिवस कोरडी होती. तिथल्या वांथोंगकाकू रोज बासष्ट पायऱ्या बादल्या घेऊन चढत आणि प्रत्येक फेरीला नळखात्याच्या खिडकीशी थांबून आमचा उद्धार करत. “एवढं शिकलास रे, मेल्या, पाणी वर चढवायचं तेवढं शिकायचं राहिलं का?” हा त्यातल्या त्यात सभ्य भाग. मी शास्त्राला धरून शोध चालवला होता: लोखंडी काठीचे एक टोक रस्त्याला, दुसरे कानाला, आणि दर पाच पावलांवर वहीत नोंद. माझे जोडीदार बुनचादादा (अठरा वर्षांची नोकरी, चौथीपर्यंत शाळा, आणि याचा त्यांना यत्किंचितही खेद नाही) म्हणाले, “मास्तर, रस्त्याला काय विचारता? बायकांची रांग कुठं लागलीय ते बघा.”

रांग पायऱ्यांखालच्या झाडाशी होती. या झाडात एक आजी राहते (वृक्षदेवता; हे मी केवळ नोंदवतो आहे). बुंध्याला रंगीत फडकी बांधलेली, पुढ्यात नैवेद्याच्या लाल सोड्याच्या बाटल्या, प्रत्येकीत नळी. नऊ दिवसांपूर्वी आजीच्या मुळाशी झरा फुटला, आणि समोर चिकट भात विकणाऱ्या लामदुआनमावशींनी तो तीर्थ म्हणून जाहीर केला. तेव्हापासून लोक बाटल्या भरून नेत होते. कुणाची पाठ बरी झाली, कुणाची बंद पडलेली मोटारसायकल म्हणे दोन चमचे पाजताच सुरू झाली.

अज्ञानाशी वाद घालू नये, त्याला पुरावा दाखवावा, या मताचा मी असल्याने तपासणीची पेटी उघडली. आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. परीक्षेची गोळी टाकली की असे पाणी गुलाबी होते, झऱ्याचे होत नाही. मी भोवती मंडळी जमवली, हे सर्व तीन मुद्द्यांत विशद केले, काचनळी उंच धरली आणि गोळी टाकली. पाणी सुरेख, निर्विवाद गुलाबी झाले. मी विजयी मुद्रेने वळलो, तो सगळी गर्दी गुडघ्यांवर!

“अगं बाई! आजीचा लाल सोडा!” लामदुआनमावशी ओरडल्या.

“हा क्लोरीन आहे!” मी म्हणालो.

“हा कोणता देव गं?” मागून एकीने विचारले. दुसरीने, सासूसाठी जरा गडद करून मिळेल का, अशी पृच्छा केली. पेटीतल्या उरलेल्या अकराही गोळ्या तिथेच संपल्या (खात्याला याचा खुलासा कोणत्या शब्दांत द्यावा, हा स्वतंत्र विषय आहे). मी कुदळ उचलली, तर मावशी मुळाशी मांडी घालून बसल्या. “आधी माझ्या पाठीत घाल!”

इतक्यात बुनचादादांनी चपला काढल्या, उदबत्ती लावली आणि बुंध्याला कान लावून बसले. मग खाकरून म्हणाले, “आजी म्हणते, नऊ दिवस माझे पाय पाण्यात. मुळं कुजायला लागली. तुम्हाला तुमच्या बाटल्यांचं पडलंय, म्हातारीच्या सर्दीचं कुणाला काय!”

मावशींच्या डोळ्यांत पाणी. “मेल्यांनो, बघत काय बसलात? खणा!”

मामा, खात्याला दोन दिवस लागले असते तो खड्डा भक्तांनी चाळीस मिनिटांत खणला! खाली नळाला बोटभर चीर. वरचा पुरवठा बंद केला, रबर बसवले, त्यावर लोखंडी पट्टा आवळला, आठही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मोजून कसले. झडप उघडली, आणि थोड्याच वेळात टेकडीवरून किंकाळी आली: “आलं! आलं गं बाई, आलं!” वांथोंगकाकूंनी खाली धावत येऊन पहिली बादली माझ्याच डोक्यावर ओतली. मामा, मी चिंब उभा होतो आणि लहान पोरासारखा हसत होतो. शास्त्राचा असा निखळ विजय विरळाच. बुनचादादांचे ते नाट्य मी माझ्या चौदा पानी अहवालातून अर्थातच वगळले आहे.

आपला आज्ञाधारक,
कोवित

ता. क. १ : पत्र टपालात पडायचे राहिले. आज गुरुवार सकाळ. टेकडी पुन्हा कोरडी आहे आणि मुळाशी पुन्हा पाणी. बुनचादादा म्हणतात, “मास्तर, रबर उलटं बसलंय.” हे अशक्य आहे, कारण ते मी बसवले. अहवाल दोनदा वाचला. त्यात एकही दोष नाही. नळ, बोल्ट, दाब ही सर्व कारणे बाद ठरल्यावर तर्काला एकच कारण उरते. आजी रुष्ट आहे.

ता. क. २ : तेव्हा विनंती अशी. आपण लग्नापूर्वी वीस वर्षे मठात काढलीत. झाडाची परवानगी मागण्याची प्रार्थना शुद्ध पालीत, ऱ्हस्वदीर्घासह, आजच्याच बसच्या चालकाबरोबर पाठवावी (बुनचादादा आजीशी अगदीच गावठी भाषेत बोलले, तेच तिला लागले असावे). यातले अवाक्षर त्यांना कळू नये. ते आत्ता खड्ड्यात उतरून रबर सुलटे करत आहेत. मी त्यांना अडवलेले नाही. प्रार्थना येईपर्यंत वांथोंगकाकूंना पाणी तर हवे.