दोन घरचे मच्याडो

१२ जानेवारी, रविवार

झालं! आमच्या लेकीने, अनिकाने, आज जेवता जेवता जाहीर केलं — लग्न करायचंय. मुलगा नील. आईवडील आपल्या वसईचेच, कॅथलिकच. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानतेय तोवर तिच्या बापाने, रेमंडने, आडनाव विचारलं. मच्याडो. म्हणजे आमचंच!

रेमंडने चमचा खाली ठेवला. "सगळे मच्याडो एका कप्तानाचे. भाऊबहिणीचं लग्न लावू का मी?"

अनिका इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलली, कोट उचलला आणि बोस्टनला परत गेली. ताट तसंच.

१४ जानेवारी

हा कप्तान म्हणजे माझ्या नवऱ्याचं दैवत. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगालहून वसईच्या किल्ल्यावर आलेला कुणी मच्याडो आणि आम्ही त्याचे वंशज — लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून हेच ऐकलं. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आल्यावर तर वेडच वाढलं. दारावरचं नाव वाचून प्लंबर पोर्तुगीजमध्ये बोलायला लागला (ब्राझीलचा होता बिचारा!), तर स्वारी आठवडाभर खूश. हॉलमध्ये कुऱ्हाडींचं घराणेचिन्ह (मच्याडो म्हणजे पोर्तुगीजमध्ये कुऱ्हाड), फ्रेम करून. कॉम्प्युटरवर वंशवृक्ष — खापरपणजोबांपर्यंत नावं, मग नुसती टिंबं टिंबं, आणि एकदम वर कप्तान. मधले सगळे कुठे गेले, असं एकदा विचारलं होतं. दोन दिवस अबोला.

मला मेल्या कप्तानाशी काय करायचंय! एकुलती एक पोर आहे. ती हातातून जायला नको, एवढंच.

२६ जानेवारी

अनिका नीलला घेऊन आली. उंच, लाजरा. मला काकू म्हणतो, भात दोनदा मागून घेतला. आईवडील दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला असतात. रेमंड त्याच्याशी हवापाण्याचं बोलला, बस.

मग अनिकाने टेबलावर एक डबी ठेवली. ती जनुकांच्या लॅबमध्ये काम करते, तिला हे सगळं नेहमीचं. म्हणाली, यात थुंका डॅड, नीलचे वडीलही थुंकतायत, नातं आहे की नाही ते कळेल. वर हळूच — पोर्तुगाल किती टक्के तेही कळेल. लबाड! बापाची नस बरोबर ओळखते.

रेमंड म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, "नातं नाही निघालं तर माझी काही हरकत नाही."

१६ फेब्रुवारी

काही नाही आलं अजून.

८ मार्च

आला रिझल्ट. पोर्तुगाल शून्य. अख्खा युरोप शून्य! सगळं आपलं कोकण, पश्चिम किनारा. रेमंडने पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं, चष्मा पुसून परत बघितलं. नीलच्या वडलांचंही तेच, आणि दोघांचं एकमेकांशी काहीही जुळत नाही.

अनिकाने फोनवर समजावलं. पोर्तुगीजांच्या काळात बाप्तिस्म्याला धर्मपित्याचं नाहीतर फादरचं आडनाव मिळायचं, अख्ख्या वाड्या एका दिवसात मच्याडो झाल्या असतील. म्हणजे कप्तान असेलही, पण रक्ताचा नाही.

मी किचनमध्ये जाऊन हसले पण आणि रडले पण. लग्न होणार! रेमंड मात्र जेवला नाही. साठीच्या माणसाचं बापाने दिलेलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं.

१० मार्च

डोकं फिरलंय रागाने!

रेमंडने वसईला फोन करून नीलच्या घराची चौकशी केली. कोळीवाड्यातले निघाले. आम्ही बागायतवाले, केळी-पानवेलीवाले. म्हणे, आपल्यातले नाहीत, जमणार नाही. म्हणजे परवापर्यंत ते भाऊबंद म्हणून लग्न नको, आणि आज ते भाऊबंद नाहीत म्हणून नको!

अनिका स्पीकरवर होती. म्हणाली, "आधी जवळचे म्हणून नो, आता लांबचे म्हणून नो. ओके, डॅड." फोन बंद. रडली असती, भांडली असती तर चाललं असतं. त्या ओकेची मला भीती वाटते.

मी रेमंडला विचारलं, येशूने शिष्य निवडले ते कोण होते रे, मासे धरणारे की बागायतवाले? उठून बाहेर गेला. थंडीत, स्वेटरसुद्धा न घालता.

१६ मार्च

अनिका माझाही फोन घेत नाही. फक्त मेसेज — १४ जून, वेस्ट विंडसरचं चर्च, मॉम तू ये.

रेमंडला दाखवला. तू पण जायचं नाही, म्हणाला. मी काही बोलले नाही. इतकी वर्षं हेच तर करत आले.

२३ मार्च

आज मीही डबी मागवली. कोणाला सांगितलं नाही.

माझी आई अनाथाश्रमातली. सिस्टरांच्या दारात कुणीतरी तान्ही ठेवून गेलं, कोण ते कधीच कळलं नाही. आमच्या लग्नात सासऱ्यांनी माझ्या वडलांचं घर बघितलं, बागायत बघितली, आईचं कोणी विचारलंच नाही. रेमंडला माहीत आहे. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं, शेवटच्या आजारात औषधं तोच द्यायचा.

२ एप्रिल

थुंकले आणि पाठवून दिलं. आईच्या रक्ताचं कुणी जुळलं तर कळेल.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चमध्ये मिस्सा झाली. दोघंच. सवयीने सणाचे गोल पाव, आपले फुगे, तळले ढीगभर, खायला कोण? रेमंडने चारदा विचारलं, फोन आला का. नाही आला. मग म्हणाला, मेल्यावर बापाला काय तोंड दाखवू? मी म्हटलं, ते मेल्यावर बघ. जिवंतपणी पोरीला काय दाखवतोस?

ताटात हात धुऊन उठला.

४ मे, रविवार

रिझल्टचा मेल आलाय. उघडला नाही. फोन तसाच रेमंडसमोर धरला, मीही थुंकले होते ते सांगितलं आणि म्हटलं, "आई कोळीवाड्यातली निघाली तर मी आपल्यातली की त्यांच्यातली? आधी ते सांग. मग उघडते."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. नको उघडूस, म्हणाला.

चहा झाल्यावर त्याने विचारलं — वेस्ट विंडसरला इथून गाडीने किती वेळ लागतो?