शेवटची दोन पानं ताईला

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, शिक्षण नववी (अर्धी), पूर्ण शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. शिडीवरून पडलो, मणका सरकला, उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जिवाची काळजी नको, पायांचं मात्र आत्ता सांगता येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी मेलो तरी लागू, आणि न मरता नुसता पडून राहिलो तरी लागू. असं चालतं का, ते वकिलाला विचारलेलं नाही.

कलम एक. घर नाही. सहा गावं फिरलो, कुठे जहाजावर भांडी घासली, कुठे पोती उचलली, आणि दर वेळी परत येऊन ताईच्या शिलाई मशीनच्या मागे चटई टाकली. चटई ताईचीच आहे.

कलम दोन. शिडी मालकाला परत. तिची तिसरी पायरी हलते हे मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा पडून सांगितलं.

कलम तीन. माझा टॅब, कोपरा फुटलेला, चष्म्याला द्यावा. चष्मा म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी आमच्या ग्रुपातली मुलगी. ग्रुपचं नाव ‘पाठुंगळी मंडळ’. आम्ही नऊ जण ‘निखाऱ्याखालचं शहर’ हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतो. त्यात एक दिवेवाली पोरगी शापाने झोपलेल्या धाकट्या भावाला पाठीवर बांधून मेलेल्यांच्या शहरातून चालते. एकशे बारा प्रकरणं ती चालतेच आहे. जहाजावरच्या खानसाम्याकडून मी ती भाषा निम्मी शिकलो. उरलेलं चित्रं सांगतात. नवीन प्रकरण आलं की मी संवादांच्या फुग्यांमध्ये मराठी भरायची आणि ग्रुपवर टाकायचं, ही आमची रीत. पुढचं काम चष्म्याने करावं. अट एकच : आलेली सगळी पानं टाकावीत.

कारण मी टाकली नाहीत. एकशे तेरावं प्रकरण एकोणीस पानांचं होतं. मी सतराच टाकली. सतराव्या पानावर भाऊ डोळे उघडतो. मंडळी नुसती नाचली. ड्रॉइंगचे मास्तर, वय पंचावन्न, त्यांनी वर्गात रडल्याचं कबूल केलं. तीन दिवस सगळे खूश. मग चष्म्याला मूळ प्रकरण सापडलं. तिने शेवटची दोन पानं टाकली आणि खाली एवढंच लिहिलं, “हे काय आहे?”

अठराव्या पानावर दिवेवाली भावाला विहिरीच्या काठावर बसवते आणि दुपट्याची गाठ सोडते. एकोणिसाव्यावर ती एकटी पुढे निघालेली, पाठमोरी. पाठ सरळ. पहिल्यांदाच. दोन्ही पानांवर एक शब्द नाही, म्हणजे भाषांतर चुकलं म्हणायचीही सोय नाही.

मग काय, धुरळा. कुणी म्हणे, ती उलट्या काळजाची. कुणी म्हणे, त्याला डोळे उघडता येतात तर चालताही येईल, किती दिवस न्यायचा? मास्तरांनी दोन स्क्रीनभर तिची बाजू मांडली. बेकरीवाल्याने लिहिलं, “दमली असेल रे.” आणि मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

कलम चार. तोफेने मला ‘पानचोर’ म्हटलं आणि ग्रुपातून काढलं. तोफ बस चालवतो, तोंडही तसंच चालवतो. त्याला काहीही मिळू नये. पण म्हणाला ते खरं होतं, हे इथे नोंदवतो. बरं, त्याला माझे ब्रश द्या. चांगले आहेत.

कलम पाच. सायकल बेकरीवाल्याला. ग्रुपवर काय झालं ते त्याने अजून ताईला सांगितलेलं नाही. ताई रोज त्याच्याकडून पाव घेते आणि मांग्याच्या गप्पा मारते.

कलम सहा. ताई फोनवर वाचत नाही, डोळे दुखतात. तिला मी प्रकरण छापून देतो. ती कोपऱ्यात टाचणी टोचून ठेवते. या वेळी सतरा पानं हातात घेऊन म्हणाली, “कमी वाटतात रे.”

मी म्हटलं, “चित्रकार आजारी आहे.”

“मग पडू दे त्याला. तूही पड जरा.”

आई गेली तेव्हा ताई चौदाची, मी तीनचा. माझा पाय आखडलेला होता. सहाव्या वर्षापर्यंत तिने मला पाठीवर शाळेत, नळावर, दवाखान्यात नेलं. तिच्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली, एक पत्र आहे. दुसऱ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तिला कटिंग मास्तर म्हणून बोलावलंय. उत्तर महिनाअखेरीपर्यंत द्यायचंय. तिने दिलेलं नाही. आता मी पडलोय म्हटल्यावर ती तो खण उघडणारही नाही.

ताईला वाईट वाटेल म्हणून पानं लपवली, असं मी ग्रुपवर लिहिलं. ते खोटं. ती पानं बघून तिलाही पाठ सरळ करावीशी वाटेल, ही मला भीती होती.

तरी माझ्या पश्चात ती दोन पानं ताईला द्यावीत. उशीखाली आहेत.

दुरुस्ती. वरचं कलम सहा शेजारच्या खाटेवरच्या टर्नर काकांना (लेथवर काम करतात, म्हणून टर्नर) सहीआधी वाचून दाखवलं. काका म्हणाले, “तू पडून राहिलास तर पानं द्यायला पश्चात कुठून आणणार? आणि मेलास तर ती जाईलच की. तुला विचारायला थोडीच थांबणार आहे.”

म्हणून कलम सहाची शेवटची दोन वाक्यं रद्द. ताई चारला डबा घेऊन येते. पानं मी तिच्या हातात देणार. पत्राचंही मीच विचारणार. उद्या पाय चालोत न चालोत, तिने होय कळवावं, ही माझी शेवटची इच्छा, आणि ती मी जिवंतपणी सांगणार.

दुरुस्ती कलम पाचलाही. साक्षीदाराला वारसा मिळत नाही म्हणे. भेटायला आलेल्या बेकरीवाल्याने सायकल सोडली आणि सही केली. सायकल चष्म्याला.

साक्षीदार : १. टर्नर काका, खाट आठ (उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा अंगठा). २. बेकरीवाला (कागदाला पीठ लागलंय, ते त्याचंच).

सही : पानचोर

ठिकाण : खाट नऊ, खिडकीकडची. दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस, चारला दहा कमी. जिन्यावर चपला वाजतायत, तिच्याच आहेत.