मार्कसने परत आणलेला डबा

प्रिय मन्या,

काल तुझा मार्कस आपल्या कॅरी गावातल्या घरी येऊन गेला. तेव्हापासून तुझ्याशी भांडायचंय, म्हणून लिहायला बसले. बाबांना वाटतंय मी रडतेय. रडत नाहीये, चिडलेय!

इथे अमेरिकेत आपल्या ओळखीच्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरवर बसतात. तुलाच कुठून सुचलं रे आर्मीत जायचं? विचारलं तर म्हणालास, "आई, समबडी हॅज टू." आणि मग गोड बोलून समजूत काढलीस, "नुसता ट्रक तर ड्राइव्ह करायचाय." नुसता ट्रक! घरापासून इतक्या लांब, परक्या देशात तो ट्रक उलटला आणि तू गेलास. शेजारी बसलेला मार्कस वाचला.

काल त्याला दारात पाहिलं आणि मनात काय आलं सांगू? हा बरा परत आला! आई असून असं मनात आलं रे. कुणाला सांगू?

त्याने न सांगता बूट बाहेर काढले. "हाय, आई," म्हणाला. तुझ्या व्हिडिओ कॉलवर ऐकून ऐकून त्याला तेच माझं नाव वाटत असणार.

मग बॅगेतून डबा काढला. झाकणावर आजीचं नाव कोरलेला, स्टीलचा. त्यातून मी तुला बेसनाचे लाडू पाठवले होते. "डबा हरवलास तर बघ!" असं फोनवर किती वेळा बजावलं होतं तुला. डबा आला, मन्या. तू नाही आलास.

हातात घेतला तर जड लागला. उघडला, तर आत पिकान, ते अक्रोडासारखे असतात ना, ते. त्याच्या आईच्या अंगणातले. म्हणाला, "ही टोल्ड मी, यू नेव्हर गिव्ह आईज् डबा बॅक एम्प्टी."

अरे गधड्या! घरात माझं एक अक्षर ऐकलं नाहीस. ओला टॉवेल रोज पलंगावर. मला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि तिकडे जाऊन दुसऱ्याला शिकवत होतास? मला एकदा तरी सांगायचंस की, आई, मी ऐकतो तुझं!

तू गेल्यापासून मी लाडू केले नाहीत. दिवाळीत बाबांनी बेसन आणलं, ते मी शेजारणीला देऊन टाकलं. त्यामुळे काल मार्कसला रिकाम्या हाती पाठवावं लागलं. रात्रभर तेच खात होतं मला.

आज बाबांना बेसन आणायला पाठवलंय. बेसन करपलं तर करपू दे. पण तुला शब्द देते, हा डबा माझ्या घरात रिकामा पडून राहणार नाही. आणि मार्कसला सांगणार आहे, "लाडू खाऊन झाले की डबा पोस्टाने पाठवायचा नाही. तू स्वतः घेऊन परत यायचं."

अजून चिडलेली,
तुझी आई