मणक्यातली पिवळी दोरी

शनिवार, तिन्हीसांज

ती पिवळी दोरी डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा पाठीचा कणा आधी ताठ धरला, तेव्हा मणक्यांमधल्या अरुंद वाटेत पिवळी नस चेपलेली दिसली. मग तो पुढे वाकवला, तर वाट रुंद झाली आणि नस सुटली. म्हणून ताठ चालले की माझे पाय भरून येतात, आणि हँडलवर वाकून सायकल ढकलत बाजारात गेले तर काही होत नाही!

आणि माझा नवरा बस्त्याव वर्षभर म्हणतोय, "सायकल ढकलूक जमता, मगे चर्चीत चलत जावक कशाक जमणा नाय?" नाटकच वाटायचं त्याला. मलाही कधी वाटायचं, मी आळशी तर झाले नाही ना?

आज त्याने स्वतः कणा वाकवून पाहिला, पिवळ्या दोरीवर बोट फिरवलं. व्यायामाने फरक पडेल, म्हणाल्या बाई. पडेल ना?

आत्ता पडवीत पंपाचा आवाज आला. बस्त्याव माझ्या सायकलीत हवा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "उद्या चर्चीत सायकल घेवनच जावया. मी तुज्या वांगडा चलत येतंय. माका कसली घाई नाय."