चुकीची उजळणी

मांडवी, रत्नागिरी

प्रिय सानिका,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलं आहेस, तर हे वाच. राजापूरचा पोस्टमन पत्र हातात देतो, त्याला काही तुला कट करता येणार नाही.

गेलं वर्षभर आमच्या पडवीत बसून आपण लॅटिन घोकलं. तुला पहिल्या आठवड्यातच रडू फुटलं होतं, एका नामाची एवढी रूपं कोण लक्षात ठेवणार म्हणून. तेव्हा अब्बांनी त्यांची हिफ्जची पद्धत शिकवली. लहानपणी त्यांनी सगळं कुरआन असंच पाठ केलं होतं. आजचा नवा धडा, मग या आठवड्यातला, मग एखादा जुना, आणि रोज दुसऱ्या कुणाला तरी म्हणून दाखवायचं. अडखळलं की परत पहिल्यापासून. लॅटिनचं एक अक्षर येत नसताना ते पुस्तक समोर धरून आपल्या चुका काढायचे. 'नाउता' म्हणजे नाविक हे कळल्यावर तर सारा जन्म जहाजावर काढलेला माणूस खूशच झाला, आणि त्याची रूपं रोज म्हणायला लावायला लागला. तू ती पोळ्या लाटता लाटता म्हणायचीस.

आणि परीक्षेच्या दिवशी तीच रूपं तू चुकलीस! आपल्या लॅटिनच्या अनिल सरांनी मुद्दाम सोपं ठेवलं होतं. नवख्या मुलांना पायाभूत व्याकरणाची उजळणी द्यायची, जी नीट देईल तिची रोमला शिकायला जाण्यासाठी शिफारस. जागा एकच. मी शिकवून बसले, तू उभी राहिलीस आणि कर्म कुठलं, कर्ता कुठला याचाच घोळ घातलास. क्रियापदाची रूपंही उलटीपालटी. पोरं बिचारी मान खाली घालून सगळं उतरवून घेत होती. मी मागे बसून तुझ्यासाठी कळवळत होते, गं. घाबरली असशील म्हणून घरी येऊन रडले. मूर्ख मी.

परवा तुझ्या तुळसाकाकू इथल्या बाजारात भेटल्या. मी तुझी चौकशी केली, तर त्या सहज बोलून गेल्या, "तुला जागा नाय मिळाली तर घरची लगीन लावून टाकतील गो, म्हणून आमची मुद्दाम चुकली."

कोण लावून टाकणार होतं माझं लग्न? अब्बा? मावशीने दुबईचं स्थळ आणलं तेव्हा अब्बांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. तो चहा तूच केला होतास, सानिका. वर्षभर आमच्यात जेवलीस, अब्बांना धडे म्हणून दाखवलेस, आणि मनात आमच्याबद्दल हे ठेवलंस. जागा गेली असती तर मी सोसलं असतं. ही दया मला सोसत नाही.

म्हणून काल सरांकडे गेले. माझं नाव रोमला कळवू नका म्हटलं आणि कारणही सांगितलं. आधी ते माझ्यावरच चिडले. मग म्हणाले, सोमवारी दोघींनी पुन्हा वर्ग घ्या. ती पोरंही येणार आहेत, तू शिकवलेलं सगळं चुकीचं पाठ करून, तेव्हा ते आधी निस्तर. मी जीव तोडून शिकवणार आहे, तूही शिकव. हरले तर मी ढसाढसा रडेन, आठवडाभर तुझं तोंड बघणार नाही, आणि मग तुला विमानतळावर सोडायला येईन. सकाळची एसटी पकड आणि मला हरवायला ये.

तुझीच, अजून धुमसत असलेली,
अलिझा