बेरीज चारशे साठ

सोमवार, ३ तारीख

आज काय झालं, क्रमाने:

१. सकाळी नऊला नव्या नोकरीवर पोचले.
२. वर्कशॉपच्या वरची खोली मिळाली. पूर्वेला खिडकी, टेबल भक्कम.
३. माझा जुना कृत्रिम पाय आणि कुबड्या पार्सलने ताईकडे पाठवल्या. इथला नियमच आहे: जुन्यावर भरवसा राहिला, तर नवा बसत नाही.
४. नवा पाय बसवला. मोजे शून्य.

चौथ्या मुद्द्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. उरलेला पाय दिवसभर आकसतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं, मग आपण आणखी एक मोजा चढवतो. अपघाताला सहा वर्षं झाली, माझे मोजे कधी तीनाखाली आले नाहीत. मी स्वतः असे पाय बनवते. मी अर्जासोबत पाठवलेल्या नुसत्या मापांवरून वर्कशॉप चालवणाऱ्या मास्तरांनी हा बनवला, आणि तो कातडीसारखा बसला.

मास्तर मृदू बोलतात, हातमोजे काढत नाहीत. प्लास्टरचं काम बघणारे काका आंधळे आहेत. त्यांनी माझा बूट चाचपला आणि म्हणाले, टाच बाहेरून झिजलीय, बाई तापट दिसते. दिसते म्हणायचा हक्क आपल्याला आहे, असंही वर ऐकवलं. पट्टे शिवणाऱ्या मावशींना ऐकू येत नाही, त्या पाटीवर लिहितात. त्यांची पाटी काकांना दिसत नाही, काकांची बडबड त्यांना ऐकू येत नाही. अकरा वर्षांत दोघांचं एकही भांडण तडीस गेलेलं नाही, असं मावशींनी मला लिहून दाखवलं.

ताईला कळवलं: पाय उत्तम आहे. त्याच अपघातात तिचा डावा हात खांद्यापासून गेला. इथे जम बसला की तिला बोलावेन.

बुधवार, ५ तारीख

रोजच्या सवयीने माप घेतलं. गुडघ्याच्या मध्यापासून उरलेला पाय १४८ मिलिमीटर. सोमवारी १५० होता. टेप जुनी झाली असावी.

कामात मन लागतंय, फक्त बसवत नाही. जेवतानाही पाय टेबलाखाली टाच आपटत असतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. मग पाटी उलटी ठेवली.

शनिवार, ८ तारीख

पोलादी पट्टी वापरली. तीनदा मोजलं. १४३.

सूज उतरली की घेर कमी होतो. लांबी कमी होत नाही. हाड आकसत नाही.

मग नवा पाय मोजला. सोमवारी तो ३१० होता. आज ३१७. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची बेरीज तेव्हाही ४६०, आजही ४६०. म्हणून मी लंगडत नाही. म्हणून मोजे लागत नाहीत.

काकांना म्हटलं, हाताने बघून सांगा. त्यांनी दोन्ही तळवे लावले, मग हात कपड्यांना पुसून प्लास्टरकडे वळले.

सोमवार, १० तारीख

१३५.

पाय काढून कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली उशीखाली. सकाळी जागी झाले तेव्हा पाय अंगावर होता. कुलूप तसंच.

दुपारी करवतीवर होते. पाय अर्धं पाऊल पुढे सरकला. मी सरकवला नव्हता. उजव्या तर्जनीचं पेर गेलं. करवतीवर आठ वर्षांत मला साधं खरचटलंही नव्हतं. मास्तर लगेच आले, जणू दारातच उभे होते. तयार पेर त्यांच्या खिशात होतं. बसवलं. दुखत नाही. अजिबात नाही.

बुधवार, १२ तारीख

१२४.

बॅग घेऊन निघाले. फाटकापर्यंत पाय माझा. फाटकाशी तो वळला आणि मला परत घेऊन आला. मी गजांना धरून राहिले, तळहात सोलले. मास्तर पायरीवर उभे राहून बघत होते. रागावले नाहीत.

काकांनी शेवटी सांगितलं. मास्तर इथे आले तेव्हा त्यांची फक्त करंगळी नव्हती. आता हातमोज्यांच्या आत, कपड्यांच्या आत त्यांचं स्वतःचं किती उरलंय, ते त्यांनाही सांगता येणार नाही. तुम्ही कसे वाचलात, विचारलं. म्हणाले, मास्तरांना डोळे बनवता येत नाहीत, कान बनवता येत नाहीत. मग मान खाली घालून म्हणाले, दुसरीकडे आंधळ्याला काम कोण देतं, पोरी.

शुक्रवार, १४ तारीख

१०६. वेग वाढतोय.

आणखी एक. उजव्या हाताने लिहिलं की मास्तरांच्या आधी 'आदरणीय' येतं. मी तसं कधीच लिहीत नाही. मागच्या दोन नोंदींत तीन ठिकाणी आलं. तिन्ही खोडली. आता डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं आहे पण माझं —

मावशींनी पाटी माझ्या डोळ्यांसमोर धरली: "गुडघा आहे तोवर हा पाय ओढून नेतो. गुडघा गेला की माणूस आपणहून उरलेलं अंग देतं. दुसऱ्यांनाही आणतं."

लगेच पुसली.

शनिवार, १५ तारीख

८७. गुडघा वाकवताना लाकडाचा आवाज —

मास्तरांनी आज ताईची चौकशी केली. डावा ना, म्हणाले. खांद्यापासून ना. मी त्यांना ताईबद्दल एक शब्द बोललेली नाही. लिहिलं होतं फक्त या वहीत —

रविवार, १६ तारीख

डाव्या हाताने. मोजलं नाही, वेळ नाही. हे पान फाडून मावशींकडे देते, त्या उद्या टपालपेटीत टाकतील.

ताई, माझा जुना पाय आणि कुबड्या मावशींच्या नावाने पाठव. त्यांवर मी फाटक ओलांडेन. गुडघा शुक्रवारपर्यंत टिकेल, फार तर. तू येऊ नकोस. काहीही झालं तरी तू स्वतः येऊ नकोस. सुबक अक्षरातलं पत्र आलं तर ते मी —

ताई, मी अगदी मजेत आहे. वरचं मनावर घेऊ नकोस, ताप होता. पाय पाठवू नकोस, तूच ये. आदरणीय मास्तरांनी तुझ्या हाताचं काम सुरू केलं आहे, खांद्याचं माप तेवढं हवं आहे. कोणत्या गाडीने येतेस ते शुक्रवार, २१ तारखेपर्यंत कळव.